म्हैस की सांडणी

“पाय टेकतात का?” आप्पांनी विचारलं.

“टेकतात.”

“पूर्ण टेकतात, का नुसते चवडे?”

मी खाली बघितलं. कोल्हापुरातल्या फुलेवाडीच्या नाक्यावर एका बंद शटरसमोर मी नारिंगी रंगाच्या एका उंच मोटरसायकलवर बसले होते आणि माझ्या दोन्ही टाचा हवेत होत्या. माझी उंची पाच फूट एक इंच. एवढ्या उंचीची माणसंही जगात असतात, हे ती गाडी बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसावं.

“चवडे,” मी म्हणाले.

“आणि मागं कुणी बसलं तर?”

“तर गाडी जरा दबेल.”

“थांब.” आप्पांनी माझा खांदा धरला आणि मागच्या सीटवर टांग टाकली. गाडी दबली. टाचा तरीही टेकल्या नाहीत. “अजून बोटभर अंतर आहे,” आप्पा माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले. त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय मात्र आरामात रस्त्यावर होते. आप्पा सहा फुटांना जरासेच कमी.

“आप्पा, गाडी तुम्हाला घ्यायचीय!” शेजारच्या राखाडी गाडीवरून रणजितदादा ओरडला. “तुमचे पाय टेकतात का ते बघा की. तिचे कशाला मोजताय?”

“तू गप रे,” आप्पा म्हणाले. “चल वृषा. घे गिअरात.”

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आई जाऊन चार वर्षं झाली होती. आप्पा कॉलेजात भूगोल शिकवायचे, तेही निवृत्त होऊन बसले होते. बसले होते म्हणजे खरंच बसले होते. आयुष्यभर ज्या दुचाकीवरून अख्खा जिल्हा पालथा घातला ती त्यांनी आदल्या वर्षी अचानक विकून टाकली होती. कारण विचारलं तर म्हणाले, “धूर फार करते.” तीस वर्षं तिनं धूरच केला होता, पण आम्ही वाद घातला नाही. वय झालं म्हटल्यावर सुटलो एकदाचे, असंच दादाला वाटलं.

आणि दिवाळीच्या फराळाला बसलेले असताना आप्पा चिवड्याची बशी बाजूला सारून म्हणाले, “मला मोठी मोटरसायकल घ्यायचीय. डोंगरात जाणारी. अ‍ॅडव्हेंचर म्हणतात ती.”

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. हसायला गेली असणार. दादा हसला नाही. शिरोलीत त्याचं मशीनशॉप आहे, त्यामुळे कुठल्याही यंत्राबद्दल त्याला मत असतं आणि आप्पांबद्दल तर असतंच असतं. रात्री मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “नाही म्हटलं तर हट्टाला पेटतील. त्यापेक्षा चालवू दे की एकदा. असलं धूड करूळ घाटाच्या वळणात पेलताना कंबर बोलायला लागली, की आपणहून म्हणतील, नको बाबा.”

त्यानं ओळखीच्या दोन गिऱ्हाइकांकडून दोन गाड्या एका रविवारसाठी मागून आणल्या. मुद्दाम मोठ्यातल्या मोठ्या. माझं काम एवढंच की आप्पांच्या जवळपास राहायचं आणि मधूनमधून विचारत राहायचं, “दमलात का?”

हा बेत फुलेवाडीच्या नाक्यावरच आडवा झाला, कारण आप्पांनी हँडलला हातच लावला नाही. “मी मागं बसून परीक्षा घेणार,” त्यांनी जाहीर केलं. “चालवणारा चालवण्यात गुंग असतो. गाडीचा खरा स्वभाव मागं बसणाऱ्यालाच कळतो.”

“मग माझ्या मागं बसा,” दादा म्हणाला.

“तू ताडमाड. तुझ्या पाठीपलीकडचं काय दिसणार मला? वृषा चालवेल.”

कॉलेजात असताना त्यांच्याच गाडीवर मी शिकले होते, आणि तेव्हा माझी स्वतःची एक मध्यम आकाराची बुलेटही होती. तरी ही गाडी वेगळीच निघाली. नारिंगीला नुसतं बोट लावलं तरी ती धावायची. गळीत हंगाम सुरू झालेला, बालिंग्यापासून पुढं उसाच्या जोडट्रॉल्या रस्ताभर हलतडुलत चाललेल्या. एरवी अशा ट्रॉलीच्या मागं माणूस निमूट पाचोळा खात जातो. नारिंगीनं नुसती मान वळवावी तशी वळण घेऊन त्यांना मागं टाकलं, मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसले.

“गचका!” मागून आप्पा ओरडले.

खड्डा आला होता. मला तो जाणवलाही नव्हता. मागच्या सीटला जाणवला होता.

“अजून एक गचका! लिहून ठेव डोक्यात!”

कळे गावात चहाला थांबलो तेव्हा आप्पा उतरून दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या गाडीभोवती फिरले, बाजारात जनावर पारखतात तसे.

“सांडणी आहे ही, स्वारीची उंटीण,” ते म्हणाले. “उंच, तरतरीत, लांब पल्ल्याची. पण पाठ म्हणजे नुसतं हाडूक.”

“आप्पा, तिचं सस्पेन्शन सेटिंग एकट्या माणसाचं आहे,” दादा म्हणाला. “मागची स्प्रिंग घट्ट केली की—”

“वृषा, हाताला मुंग्या आल्या का?”

“थोड्या आल्या.”

“आल्या. आणि उजव्या पोटरीला चटका?”

“नाही.”

“सांडणीचा एक गुण.” ते बाकावर बसले आणि डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा ग्लास त्यांच्या कोपरानं खाली गेला. हॉटेलवाल्यानं न बोलता दुसरा आणून दिला. आप्पांनी तो उजवीकडं ठेवला आणि म्हणाले, “आता राखाडी.”

राखाडी गाडी म्हणजे म्हैस, हे नाव ठेवायला आप्पांना गगनबावड्यापर्यंतही जावं लागलं नाही. बुटकी, रुंद, पोटात दोन घागरी असल्यासारखी टाकी. मी सीटवर बसले आणि माझे दोन्ही तळवे सपाट जमिनीला लागले. मागून आप्पांनी खात्री करून घेतली. उभी असताना ती हलवायची म्हणजे भिंत ढकलण्यासारखं, पण एकदा चालायला लागली की रस्त्याचं तिला काही पडलेलंच नसायचं. खड्डे आले, ती त्यांच्यावरून गेली. खडी आली, तिच्यावरूनही गेली. आप्पांच्या बाजूनं एकही गचका ऐकू आला नाही. मध्येच मला वाटलं ते झोपले की काय.

“दमलात का?” मी ओरडून विचारलं.

“कशानं?”

मात्र वळणाला म्हैस आपल्या मनानं वळायची. तिला आधीपासून सांगून ठेवावं लागायचं. आणि उजवी पोटरी अशी भाजत होती की भाकरी शेकली असती.

गगनबावड्याला घाटाच्या तोंडाशी आप्पांनी थांबायला सांगितलं. पुढचा अर्धा तास त्यांनी माझी जी तालीम घेतली ती मी विसरणार नाही. दोन्ही गाड्या आळीपाळीनं उतारावर उभ्या करून पुन्हा काढायच्या. आखूड जागेत वळवून आणायच्या. खडीत पाय न टेकता जायचं. साइडस्टँडवरून एकटीनं सरळ करायच्या. आप्पा एका दगडावर बसून टाळ्या वाजवत होते.

“तिला काय सर्कशीत पाठवायचीय का?” दादा म्हणाला. “आप्पा, मी एकदा वळवून दाखवू? टॉर्क कुठं मिळतो बघा ह्या गाडीचा—”

“तुझ्या टॉर्कनं मला काय करायचंय? वृषा, परत एकदा. ह्या वेळी चढाकडं तोंड करून.”

चढाकडं तोंड करून वळवताना म्हैस बंद पडली आणि कलंडायला लागली. मी सगळं अंग तिच्याखाली घातलं, दात खाऊन धरली, बूट खडीत सरकला, आणि कशीबशी ती उभी राहिली. दादा धावत आला तोवर सगळं निभावलं होतं. आप्पा दगडावरून उठले, त्यांचा चेहरा उजळला होता.

“पडली नाही!” ते म्हणाले. “सांडणी असती तर पडली असती. पाय पुरला म्हणून वाचली.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझे पाय, माझे हात, माझी पोटरी. आप्पा गाडी माझ्यासाठी घेत होते. लहानपणी मला सायकल द्यायची होती तेव्हा त्यांनी अशीच नाटकं केली होती, शेजारच्या पोरासाठी घ्यायचीय म्हणून.

घाट उतरताना मी पुन्हा सांडणी घेतली, मुद्दाम. नागमोडी वळणांवर ती अशी उतरत होती की खालची दरी, वरचा कडा, मधली लाल एसटी, सगळं जणू तिच्यासाठी मांडून ठेवलंय. नको म्हणायचं कसं, याची मी दोन वळणं तयारी केली. मग नको म्हणायचंच कशाला, याची चार वळणं केली. म्हैस शहाणी खरी, पण शहाण्या गाडीवर कुणाचा जीव जडतो? पायथ्याचं करूळ गाव येईस्तोवर सांडणी मनातल्या मनात माझ्या दारात उभी होती. जाड तळाचे बूट घेतले की टाचांचाही प्रश्न मिटत होता.

वैभववाडीच्या अलीकडं आप्पांनी खांद्यावर थाप मारली. “उजवीकडं आत घे. कच्चा रस्ता आहे.”

“कुणाकडं?”

“घे तर.”

कच्च्या रस्त्याच्या शेवटी पत्र्याची लांबलचक शेड होती. भाजलेल्या काजूचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. अंगणात ताडपत्रीवर काजू बी वाळत घातलेली, शेजारी वाळलेल्या बियांचा ढीग. आवाज ऐकून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सलवार-कमीज, पायात खेळाचे बूट, केस रुमालात बांधलेले. त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही. गाड्यांकडं बघितलं.

“ह्यो दोन?” त्या म्हणाल्या. मग एकदम भान आल्यासारखं, “इलात? बरा झाला. या, या सर. रस्त्यात ऊस लागला असेल.”

“लागला. पण निभावलं,” आप्पा उतरत म्हणाले. “ह्या कुमुद रावराणे. काजूची फॅक्टरी ह्यांचीच. हा रणजित. आणि ही वृषाली.”

कुमुदबाई सरळ माझ्यापाशी आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. खांद्याला खांदा लागला. अगदी तंतोतंत.

“म्हटलं होतं ना तुम्हाला,” आप्पा खुशीत म्हणाले, “आमची वृषा बरोबर तुमच्या मापाची आहे.”

“मापाची?” मी म्हणाले.

“तुझे पाय टेकले म्हणजे ह्यांचे टेकले. तुला पेलली म्हणजे ह्यांना पेलली. ह्यांना फॅक्टरी सोडून कोल्हापूरला येऊन बघत बसायला सवड कुठली? हंगामाची तयारी असते.”

माझ्या दारातून सांडणी निघून गेली. तिच्या चाकांचा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

दादानं हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. “म्हणजे गाडी ह्या चालवणार.”

“हो.”

“आणि तुम्ही?”

“मी मागं.”

“आणि जाणार कुठं?”

“आधी स्पिती. तब्येतीनं साथ दिली तर लडाख.”

शेडमध्ये काजू फोडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. दादाचे कान लाल झाले. “आप्पा, जरा बाजूला या.”

“इथंच बोल.”

“काय बोलू? कोण ह्या? तुमची ह्यांची ओळख कधीची? तुम्ही ह्या वयात परक्या बाईच्या मागं बसून महिनाभर हिमालयात फिरणार, आणि मी शिरोलीत लोकांना काय सांगू?”

“गाडीचं मायलेज सांग,” आप्पा म्हणाले.

मला हसू आलं, ते मी दाबलं. कुमुदबाई हसल्या नाहीत. त्या आप्पांकडं बघत होत्या.

“सर, तुम्ही मुलांना सांगितलं नाहीत?”

आप्पा ताडपत्रीवरच्या बिया बघायला लागले.

“काय सांगितलं नाही?” मी विचारलं.

“कित्याक लपवतास?” कुमुदबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही सांगताय की मी सांगू?”

आप्पा पडवीच्या पायरीवर बसले. म्हणाले, “मागच्या वर्षी ह्याच घाटात एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन कडेनं चालली होती. डाव्या बाजूनं. मला दिसली नाही. उशिरा दिसली असं नव्हे, दिसलीच नाही. आरशाचा धक्का लागला आणि मोळी रस्त्यावर सांडली. तिला काही झालं नाही. तिनं मला शिव्या घातल्या, अगदी पोटभर. मी मोळी बांधून दिली. ती गेली, आणि मी कठड्यावर बसलो. बसलो तो मला उठवेना.”

“मी कोल्हापूरहून माल पोचवून येत होते, मोटरसायकलवर,” कुमुदबाई म्हणाल्या. “एक माणूस कठड्यावर, त्याची गाडी आडवीतिडवी लावलेली. म्हटलं दारू प्यायलाय. थांबले.”

“ह्यांनी मला मागं बसवून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. डाव्या बाजूचं बरंचसं गेलंय. गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते टिकवायचं, थेंब घालायचे. टिकेल कदाचित. किती दिवस, ते कुणी सांगत नाही.”

दादा अजून उभाच होता, पण त्याचा आवाज खाली आला होता. “मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

दादानं सीटवरचं हेल्मेट उचललं आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

“खुर्चीत बसवलं असतंस,” आप्पा म्हणाले. “चांगली भारी खुर्ची आणली असतीस. मागंपुढं होणारी. मला माहितीय, तू प्रेमानंच केलं असतंस. पण तीस वर्षं मी पोरांना हिमालय फळ्यावर काढून दाखवला रे. निळ्या खडूनं नद्या, तपकिरी खडूनं डोंगर. एकदा तरी तो दिसतोय तोवर बघून घेतो. मग आण खुर्ची.”

आत कुणीतरी काजू फोडायला सुरुवात केली.

“आणि ह्या...” दादानं कुमुदबाईंकडं बघत वाक्य अर्धवट सोडलं. त्याला बरा शब्द मिळत नव्हता.

“मी सरांची कोण, असं विचारायचंय ना?” त्या म्हणाल्या. “ते अजून आमचंही ठरलेलं नाही. आधी गाडी ठरू दे.”

आणि त्यांनी सांडणीच्या हँडलला हात घातला.

अंगणात त्यांनी तिच्यावरून दोन फेऱ्या मारल्या, एकटीनं. छान चालवत होत्या, बाई सराईत होत्या. मग आप्पांना मागं घेतलं. आप्पा चढताना गाडी डावीकडं झुकली, कुमुदबाईंचा चवडा वाळूत फिरला आणि सांडणी, त्या आणि आप्पा, तिघंही सावकाश वाळलेल्या काजूंच्या ढिगात आडवे झाले. मी किंचाळले. शेडमधल्या बायका धावत आल्या. ढिगातून आप्पांचा आवाज आला, “गचका नाही बसला!”

दादा पुढं झाला. त्यानं आधी आप्पांना उचललं, मग गाडीला. कुमुदबाई केसांतल्या बिया झटकत होत्या. आता हा काहीतरी लागट बोलणार, असं मला वाटलं.

“बाई,” दादा म्हणाला, “सर चढताना पुढचा ब्रेक दाबून ठेवायचा. आणि तुम्ही चारी बोटांनी क्लच ओढताय. दोनच बोटं पुरेत, बाकी दोन मुठीला राहू द्यात.”

“असं?”

“असं. आणि ही नको तुम्हाला. ती घ्या.” त्यानं म्हशीकडं बोट दाखवलं. “ओझं घेऊन उभी राहणारी गाडी आहे. मागची स्प्रिंग मी बघतो. पोटरीला भाजतं तिथं मी पत्र्याची आड करून देईन.”

म्हशीवर आप्पा चढले तेव्हा ती हललीसुद्धा नाही. कुमुदबाईंचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट होते. त्यांनी मान मागं वळवून विचारलं, “बसलात ना नीट?” आणि आप्पांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली, सकाळपासून मला मारत होते तशीच.

जेवणं झाली. काजूची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी. दादानं दोनदा उसळ मागून घेतली. निघताना कुमुदबाई म्हणाल्या, चढावर भार घेऊन बघितल्याशिवाय पक्कं सांगता यायचं नाही, त्यामुळे गगनबावड्यापर्यंत त्या म्हैस चालवत येतील आणि तिथून एसटीनं परततील. आप्पा लगेच त्यांच्या मागं जाऊन बसले. दादानं सांडणी घेतली, मी त्याच्या मागं.

घाट चढायला लागलो तशी मला मागच्या सीटचं हाडूक पुरेपूर कळलं. दादा गाडी जोरात हाणत होता. दर वळणाला म्हशीच्या अगदी मागं जाऊन चिकटत होता. त्याला पुढं जायचं होतं, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. पुढं जायचं, वर गाठायचं, आणि बहुतेक तिथं पुन्हा भांडायचं. सांडणीला तर ते एका उडीचं काम होतं. एवढासा सरळ रस्ता मिळाला की झालं.

तो मिळाला. दादानं गिअर उतरवला, इंजिन गुरगुरलं. तेवढ्यात कुमुदबाईंनी हँडलवरचा डावा हात काढला आणि बाजूला लांब केला.

मला वाटलं, आम्हाला पुढं जायची खूण करताहेत. पण ती आमच्यासाठी नव्हती. डावीकडं कड्यावरून पाण्याची एक बारीक धार पडत होती, पावसाळ्यातली राहिलेली. त्यांनी बोटानं ती दाखवली. आप्पांनी नुसती मान नाही, खांद्यासकट सगळं अंग डावीकडं वळवलं आणि वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिले. पुढच्या सरळ तुकड्यावर पुन्हा कुमुदबाईंचा हात बाजूला झाला. झाडावर वानरांची टोळी होती. आप्पा पुन्हा तसेच वळले. मग दरीकाठचा एक पिवळा, फुलांनी भरलेला उतार. मग कडेनं चाललेली शेळ्यांची रांग. जिथं हात काढता येत होता तिथं तिथं ती बाई डावीकडचं एकेक दाखवत चालली होती.

दादानं गिअर वाढवला आणि वेग कमी केला. दोन्ही गाड्यांमधलं अंतर हळूहळू वाढत गेलं.

“काय झालं रे?” मी विचारलं. “जायचं नाही पुढं?”

“राहू दे,” दादा म्हणाला. “त्यांना बघू दे की नीट.”